रिकाम्या खुर्चीचं भाडं

धनेशने आयुष्यभर लोकांना बसवलं. लग्नात बसवलं, बारशाला बसवलं, गणपतीत बसवलं, मयतालाही बसवलं. लालबागच्या एका बोळात त्याचं ‘लक्ष्मी डेकोरेटर्स’चं गोडाऊन होतं आणि त्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकमेकींच्या मांडीवर बसून पार छताला टेकल्या होत्या. कार्यक्रम कसला आहे हे त्याला कोणी सांगावं लागत नसे. मांडलेल्या खुर्च्या लांबून पाहिल्या की तो सांगायचा, इथे साखरपुडा आहे, इथे सोसायटीची मीटिंग आहे आणि आज भांडण होणार. धंद्यातलं त्याचं शास्त्र एकच. माणूस तेवढी खुर्ची. रिकाम्या खुर्चीचं भाडं या जगात कोणी भरत नाही, असं तो कामावरच्या नव्या माणसांना सांगायचा आणि सांगताना मिशीवरून हात फिरवायचा.

म्हणूनच एका रविवारी सकाळी बायकोच्या मोबाइलवर त्याने तो फोटो पाहिला, तेव्हा त्याला आधी समुद्र दिसलाच नाही. निळं पाणी, चाळून घेतल्यासारखी वाळू, मागे पांढऱ्या भिंतींचं बुटकं हॉटेल, हे सगळं नंतर. आधी दिसल्या त्या खुर्च्या. पाय पसरून पडायच्या, लांबट, पांढऱ्या लाकडाच्या. वर झापांची छत्री. आणि छत्रीखाली खुर्च्या दोन.

सीमा गॅसपाशी पोहे परतत होती.

“हे कुठलं?” त्याने विचारलं.

“ग्रीस,” ती पाठमोरीच म्हणाली. “नॅक्सोस नावाचं बेट आहे. तिथलं एक हॉटेल बघतेय. मे महिन्यात जायचं म्हणतेय मी.”

“ऑफिसच्या बायका चालल्यात?”

“नाही.”

“मग?”

“तुम्हाला मेमध्ये लग्नसराई. तुम्हाला कुठे जमतंय?” सीमाने पोह्यांवर झाकण ठेवलं. “पैसे माझे, रजा माझी. पन्नास पूर्ण होतायत मला या मेमध्ये. आठवडाभर जाऊन येते.”

आता इथे माणसाने सरळ विचारावं, कोणाबरोबर चाललीस? सरळ विचारलं असतं तर सरळ उत्तर मिळालं असतं आणि ही गोष्ट पोह्यांबरोबरच संपली असती. पण धनेश विचारणाऱ्यांतला नव्हता. तिने आपण होऊन ‘चला’ म्हणावं, मग आपण ‘छे, धंदा कोण बघणार’ म्हणावं, मग तिने आग्रह करावा, असा त्याचा हिशोब होता. ती ‘चला’ म्हणालीच नाही. तिने पोह्यांवर खोबरं पेरलं, बशी त्याच्यापुढे ठेवली आणि मोबाइल उचलून घेतला.

मे महिना म्हणजे गाव, हे डिलाईल रोडच्या त्यांच्या चाळीत कोणाला शिकवावं लागत नसे. मालवणच्या पुढे, खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीत धनेशचं घर होतं. आई, म्हणजे लक्ष्मी, तिथे एकटी राहायची. शेजारच्या घरात काका-काकी. दरवर्षी धनेश सीमाला घेऊन जायचा, चार दिवस समुद्रात मनसोक्त डुंबायचा, बायकोला आईच्या हवाली करायचा आणि लग्नसराईसाठी मुंबई गाठायचा. मेच्या शेवटी तिला आणायला परत. मुलगा मनू लहान असताना तोही असायचा. आता तो बेंगळुरूला नोकरीला, त्याला रजा मिळत नाही. सीमाला मिळायची. विमा कंपनीच्या ऑफिसात ती वर्षभर रजा साठवते ती गावासाठीच, असं सगळ्या घराने धरून ठेवलं होतं.

त्यामुळे धनेशला पहिला राग आला तो गावाच्या वतीने. दुसरा आला तो समुद्राच्या वतीने. आपला अख्खा समुद्र तिकडे फुकट पडलाय आणि ही समुद्र बघायला विमानाने चाललीय! पण हे दोन्ही राग वरवरचे होते. खरा आत जो जळत होता तो वेगळाच, आणि तो एकाच प्रश्नावर जळत होता. ती दुसरी खुर्ची कोणाची?

त्या दिवसापासून धनेशला बायकोकडे बघायची सवय लागली. इतकी वर्षं ती घरात होती, पण बघायचं म्हणून त्याने फारसं बघितलं नव्हतं. आता बघितलं तर काय काय दिसायला लागलं. कपाटात साड्यांच्या मागे रुंद काठाची गवती टोपी. तिच्याखाली गुडघ्यापर्यंतची सैल सुती पँट, फिक्या पिवळ्या रंगाची, अजून लेबल न काढलेली. सीमाने लग्नानंतर त्याच्यासमोर कधी गुडघा दाखवला नव्हता. हा गुडघा मग कोणासाठी, हा विचार डोक्यात घुसला तो निघेचना. गोडाऊनमध्ये खुर्च्या मोजताना त्याचा आकडा चुकायला लागला.

आणि फोन. रोज संध्याकाळी कुणा विनीतचा फोन यायचा. सीमा गॅलरीत जाऊन बोलायची, आणि धनेश आत टीव्हीचा आवाज बारीक करून बातम्या बघायचं सोंग करायचा.

“नाही हो विनीत, गाणीबिणी वाजणारा किनारा नकोच… हो, वाळू. पाऊल रुतलं पाहिजे… नाही, खडक नको.” मग ती हसली. मोकळं, लहान मुलीसारखं हसली. “तुम्हाला बरोबर कळतं मला काय हवंय ते. आमच्याकडे कोणाला कळत नाही.”

धनेशच्या हातातला रिमोट हातातच राहिला. इतकी वर्षं संसार केला, खस्ता खाल्ल्या, हिच्या बापाच्या आजारपणात शीवच्या हॉस्पिटलात रात्री काढल्या, आणि कळतंय कोणाला, तर विनीतला! त्या रात्री तो जेवताना एवढंच म्हणाला, “ग्रीसला भूकंप होतात म्हणे.”

“होत असतील,” सीमा म्हणाली आणि त्याला भात वाढला.

दुसऱ्या दिवशी धनेश दादरला गेला. विनीतचं ट्रॅव्हल ऑफिस प्लाझाच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर होतं, हे त्याने सीमाच्या मोबाइलमधल्या नंबरावरून शोधून काढलं होतं. जिना चढताना त्याने केसांवरून कंगवा फिरवला आणि मग स्वतःचीच लाज वाटली. वर एक तिशीतला, जाड चष्म्याचा, पोट सुटायला लागलेला मुलगा बसला होता. दिसायला काही नाही, पण बोलायला गोड. देखणा असता तर परवडलं असतं, धनेशला वाटलं. गोड बोलणारा वाईट.

“मी अजित,” धनेशने खोटं नाव ठोकून दिलं. “ग्रीसला जायचं होतं. शांत किनारा. वाळूचा.”

“वा! काका, तुम्ही एकदम बरोबर ठिकाणी आलात.” विनीतने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. तोच फोटो. त्याच खुर्च्या. “आमच्या एक मॅडम आहेत, त्यांचं नुकतंच बुकिंग केलंय इथे. वेड लावलं त्यांनी मला! महिनाभर नुसती हॉटेलं बघत होतो. खोलीतून समुद्र दिसला पाहिजे, पण स्वयंपाकघराचा वास यायला नको. नाश्ता कोणीतरी आणून दिला पाहिजे. शेजारी गोंगाट नको. शेवटी हे सापडलं.”

धनेशने यातलं ‘वेड लावलं’ तेवढं ऐकलं. बाकीचं त्याच्या कानांवरून गेलं.

“एकट्याच चालल्यात?” त्याने आवाज शक्य तितका सहज ठेवला.

“तसं आपण विचारत नाही हो काका.” विनीत हसला. “डबल रूम आहे, आणि पहिल्या रांगेतली छत्री, खाली दोन खुर्च्या, आठवडाभरासाठी राखून ठेवल्यात. तुम्ही किती जण?”

धनेश उठला. विचार करून सांगतो म्हणाला आणि खाली आला. डबल रूम. दोन खुर्च्या, आठवडाभर. ज्या माणसाने हजारो कार्यक्रमांना खुर्च्या पुरवल्या त्याला यापुढे कुठला पुरावा लागणार? विनीत नाही, हे त्याला कळलं होतं. हा पोरगा तिला मॅडम म्हणतोय. मग कोण? तिच्या ऑफिसातला तो स्वप्नील, जो दरवर्षी तिळगूळ घेऊन येतो? की तिच्या कॉलेजातला कोणी? चहाच्या टपरीवर उभं राहून त्याने सीमाच्या आयुष्यातले सगळे पुरुष आठवून पाहिले. फारसे नव्हतेच. भाजीवाला, बँकेतला शिपाई आणि तो स्वतः. ही जाणीव सुखाची असायला हवी होती, पण तिनेही त्याच्या पोटातली आग विझली नाही.

भांडण काढावं असं त्याच्या मनात आलं. पण भांडलो तर ती ‘कोणी नाही’ म्हणणार, आणि मग आपल्याला ती खोटं बोलली हे सहन करावं लागणार. त्यापेक्षा जिंकावं. समोरच्याने दाखवलाय फोटो. आपण खरा देखावा उभा करू. धनेश डेकोरेटर होता. मागे एका मंडळाला त्याने ग्रीसचा महाल उभारून दिला होता, आणि त्याचे प्लायचे पांढरे खांब अजून गोडाऊनमध्ये भिंतीला टेकून उभे होते. ग्रीस आपल्याला नवीन नाही, असं स्वतःशी म्हणत तो लालबागला आला.

“गणपतदादा, दोन खुर्च्या बनवायच्यात,” त्याने आपल्या जुन्या सुताराला फोटो दाखवला.

गणपतने चष्मा वर करून पाहिलं. “एवढ्या खुर्च्या पडल्यात आणि अजून बनवायच्या? कुठल्या मंडळाच्या?”

“तुझ्या वहिनीच्या.”

गणपतला पुढचं काही कळलं नाही, पण त्याने खुर्च्या बनवल्या. अस्सल बनवल्या. पाठ मागेपुढे होणारी, पायाशी उतार, पांढरा रंग दोन हातांचा. धनेशने गोडाऊनचा मागचा भाग रिकामा करून घेतला. बांधकामाची वाळू आणली, ती माणसं लावून चाळली, जाड पसरली. मागे निळ्या सॅटिनचा पडदा ताणला आणि त्याच्यामागे पंखा लावला, म्हणजे लाटा हलतील. खांब पुसून उभे केले. नारळाच्या झापांची छत्री कोळीवाड्यातल्या ओळखीच्या माणसाकडून विणून आणली. काम बघायला आलेला प्रत्येक जण खूश होऊन जायचा, आणि धनेश प्रत्येकाला सांगायचा, हे सगळं मेमध्ये टेम्पोत टाकून गावाला नेणार. आपल्या किनाऱ्यावर लावणार. ग्रीस झक मारेल.

ही बातमी त्याने आईलाही दिली. इथे त्याने चूक केली, पण ती चूक त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनीच केली असती. चांगला बेत ठरला की तो आधी सगळ्यांना सांगायचा, आणि सगळे आले की तो बेत चांगला झाला असं समजायचं. आईने काकीला सांगितलं. काकीने तिच्या मुलींना सांगितलं. संध्याकाळपर्यंत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माणसांची नावं पडायला लागली, पिंगुळीची आत्याही येते म्हणाली. सीमा त्या ग्रुपवर होती, पण ती तो उघडत नसे. धनेशला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट शांत किनाऱ्यावर चार आपली माणसं असली की शोभा येते, असं त्याला मनापासून वाटलं.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर तो सीमाला म्हणाला, “गोडाऊनला चल जरा. काम आहे.”

आत आल्यावर त्याने बटण दाबलं. दिवे लागले, पंखा फिरला, सॅटिनचा समुद्र हलायला लागला. सीमा दारातच थांबली. मग तिने तोंडावर हात ठेवला आणि खळखळून हसली. गॅलरीत विनीतशी बोलताना हसली होती तशीच. धनेशच्या छातीवरचं ओझं उतरलं.

“हे तुम्ही केलंत?”

“मग! काय समजलीस?”

तिने चपला काढल्या आणि वाळूत पाऊल टाकलं. एक, मग दुसरं. बोटं आत रुतवून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. खांबाला हात लावून बघितला, छत्रीकडे मान वर करून बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, हे धनेशने स्पष्ट पाहिलं. मग ती डावीकडच्या खुर्चीवर बसली, पदर सारखा केला आणि हळूच पाठ टेकून पाय लांब केले. धनेश उजवीकडच्या खुर्चीवर आडवा झाला. भरली ना दुसरी खुर्ची, मीच बसलो ना तिथे, असं त्याला आतून वाटलं, आणि गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

“ती पाण्याची बाटली दे गं जरा,” तो म्हणाला.

सीमा उठली. खांबाजवळच्या स्टुलावरची बाटली आणली, झाकण उघडून त्याच्या हातात दिली आणि परत येऊन बसली.

“तर ऐक,” धनेश दोन घोट घेऊन म्हणाला. “हे सगळं मेमध्ये गावाला नेतोय. आपल्या समुद्रावर लावायचं. तुझी पन्नाशी तिथे करू. धंदा तेवढे दिवस गणपतदादा बघेल, मी पूर्ण आठवडा थांबतो. आईला सांगितलंय. काका-काकी आहेतच, काकीच्या मुली येतायत, आत्या येतेय. काय बिशाद आहे ग्रीसची! विनीतला फोन कर आणि सांग, कॅन्सल.”

सीमाने लांब केलेले पाय जवळ घेतले. तेवढ्यात धनेशचा फोन वाजला. आईच होती. वेळ कशी साधलीन, म्हणत त्याने स्पीकर लावला.

“रे धनेश, सीमाक सांग, येताना मोठी बरणी घेऊन येवक. यंदा कोकमाची सोलां खूप घालूची आसत, माझो हात चलना नाय. आणि काकी म्हणता, एवढी माणसां येतत तर आंबोळ्यो सीमानच घालूक होयो, तिच्यासारख्यो कोणाक जमनत नाय. सांगतलंस मां?”

“सांगतंय, सांगतंय,” धनेश हसून म्हणाला आणि फोन ठेवला. “बघ, किती आठवण काढतात तुझी.”

“एक विचारू?” सीमा छत्रीकडे बघत होती. “गावच्या आपल्या घरापासून समुद्र किती लांब आहे?”

“लांब कसला? माडांच्या पलीकडे. माझी आजी त्याचा आवाज ऐकत झोपायची.”

“मी किती वेळा गेलेय तिथे?”

“म्हणजे? दरवर्षी जातेस की.”

“गावाला जाते. समुद्रावर किती वेळा गेले, ते आठवून सांगा.”

धनेशला समुद्र आठवला. सकाळचा आठवला, संध्याकाळचा आठवला, मनूला खांद्यावर घेऊन लाटेत उभा राहिलेला तो स्वतः आठवला, भिजलेल्या चड्डीने बांगडे भरलेली पिशवी घेऊन घरी येताना आठवला. पिशवी घ्यायला सीमा मागीलदारी उभी असायची, हातात विळी. त्या सगळ्या समुद्रात त्याने सीमाला शोधलं, आणि ती कुठेच सापडेना.

“लग्नानंतर,” तो म्हणाला. “फोटो काढायला गेलो होतो आपण.”

“हो. आणि तुमच्या बाबांच्या दहाव्याला.” सीमाच्या आवाजात राग नव्हता. “त्या दिवशी पिंडाला कावळा शिवेपर्यंत मी वाळूत बसले होते. कोणी काही मागत नव्हतं, कारण सगळे कावळ्याकडे बघत होते. मला तो समुद्र इतका आवडला होता. सासऱ्यांच्या दहाव्याला असं वाटतंय म्हणून लाजही वाटली. मग कावळा शिवला आणि सगळे म्हणाले, चला, पानं घ्यायचीत.”

पडद्यामागचा पंखा घरघरत होता. धनेशला कुठे बघावं ते कळेना. त्याला वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं, पण त्याच्या पोटातली ती आग इतक्या सहज जागा सोडणाऱ्यातली नव्हती. वाईट वाटतंय म्हटल्यावर ती अजूनच उसळली.

“ते ठीक आहे,” तो उठून बसत म्हणाला. “पण तो कोण आहे?”

“कोण?”

“ग्रीसला तुझ्याबरोबर येणारा! मी दादरला जाऊन आलोय सीमा. डबल रूम घेतलीस. छत्रीखाली दोन खुर्च्या घेतल्यास, आठवडाभर. मला खुर्च्यांतलं शिकवू नकोस. दुसऱ्या खुर्चीवर कोण बसणार आहे?”

सीमाही उठून बसली. आधी तिला हसू आलं, मग ते ओसरलं.

“म्हणून हे सगळं केलंत?” तिने वाळूकडे हात केला.

त्याने मान खाली घातली.

“समुद्राच्या बाजूला एकट्याची खोली नाही त्या हॉटेलात,” ती म्हणाली. “आणि खुर्च्या जोडीनेच देतात. एका छत्रीला दोन. मी दोन्हीचं भाडं भरलंय.”

“आणि दुसरीवर?”

“कोणी नाही.”

“कोणी नाही म्हणजे?”

“म्हणजे रिकामी राहणार. विनीत म्हणाला होता, मॅडम, मैत्रिणीला घेऊन जा, तेवढ्याच पैशात होतंय. मी म्हटलं, नको. शेजारी कोणी बसलं की पाणी मागणार.”

ती हे त्याला लागावं म्हणून म्हणाली नव्हती. विनीतला जे सांगितलं तेच तिने सांगितलं. पण बोलून झाल्यावर तिची नजर गेली ती धनेशच्या हाताकडे, आणि मग त्याचीही गेली. झाकण नसलेली बाटली त्याच्या हातात होती. झाकण सीमाच्या मुठीत होतं.

धनेश खुर्चीवरून उठला. वाळूत उभा राहिला. महिनाभर ज्यांच्याशी त्याने मनातल्या मनात मारामाऱ्या केल्या होत्या, तो स्वप्नील, तो कॉलेजातला, ते सगळे एका क्षणात निघून गेले, आणि त्यांच्या जागी कोणीच आलं नाही. कोणी असता तर बरं झालं असतं, असं त्याला खरोखर वाटलं. त्याची कॉलर धरता आली असती. त्याच्यापेक्षा चांगला देखावा उभारता आला असता.

“मी नाही मागणार,” तो म्हणाला. “माझं मी उठून घेईन. तुझंपण आणून देईन. मला ने.”

“घ्याल,” सीमा म्हणाली. तिने हात पुढे करून त्याच्या शर्टाला लागलेली वाळू झटकली. “दोन दिवस घ्याल. तिसऱ्या दिवशी विसराल. आणि तुम्ही विसरलात की मी उठणार, मला माहितेय ना मी कशी आहे ती. या वेळी नको. या वेळी मला एकटीलाच जाऊ द्या.”

त्याने मान हलवली. दुसरं काय करणार? फोन पुन्हा वाजायला लागला तसा तो बाहेर बोळात गेला. आईच होती.

“आणि ता विसारलंय मी, कुळथाची पिठीपण…”

“आई, सीमा येवची नाय यंदा.”

“म्हणजे? कित्याक?”

“ती समुद्रार जाता. ग्रीसाक.”

“समुद्रार? मगे हंय काय आसा?” आईला काही केल्या उलगडेना. “आणि एवढी माणसां येतत, आंबोळ्यो कोण घालतलो?”

“मी घालतंय.”

पलीकडे आई हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. धनेश ठसका थांबायची वाट बघत उभा राहिला. “बरां,” ती शेवटी म्हणाली, “आणि त्या तुझ्या नव्या खुर्चेर कोण बसतलो?”

“तू बस.”

“माका खंय वेळ!” आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

धनेश परत दारापाशी आला, पण आत गेला नाही. शटरच्या आडून त्याने बघितलं. सीमाने डोळे मिटले होते. पाय वाळूत सोडले होते, निळा पडदा तिच्यामागे हलत होता, आणि उजवीकडच्या खुर्चीवर, जिथे तो मघाशी आडवा पडला होता, तिथे तिने आपली पर्स ठेवली होती. जुनीच पर्स, बंद तुटलेली, त्यानेच केव्हातरी खुर्च्या बांधायच्या सुतळीने शिवून दिलेली. पर्स काही मागत नव्हती. आता ती सीमाबरोबर ग्रीसला जाणार, आठवडाभर तिच्या शेजारी त्या खुर्चीवर बसणार. धनेश त्या पर्सकडे बघत राहिला, आणि त्याच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.